चार स्क्रूंचा नेम

नालवाडी, वर्धा
६ जानेवारी २०२५

बाबा,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडते. फोनवर तुमच्याशी भांडता येत नाही. तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, तुम्ही "आवाज येत नाई" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र. आपल्या गावचा टेम्पोवाला आदेश इथल्या बाजारात भाजी उतरवून रिकामे क्रेट घेऊन आष्टीला परततो, त्याच्याकडे देते आहे. मिळालं नाही असं सांगू नका.

काल नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम बोलत होत्या आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. मला वाटलं लघवीला गेलात. मी आणि मुकेश बाकावर वाट पाहत बसलो. मग कँटीनमध्ये पाहिलं, औषधाच्या दुकानात पाहिलं, गेटवरच्या माणसाला तुमच्या टोपीचं वर्णन सांगितलं. शेवटी आईचा फोन आला, की तुम्ही तळेगावला उतरून आष्टीच्या गाडीत बसलात. बाबा, मी सातवीला शिकवते. सातवीची पोरंसुद्धा विचारून बाहेर जातात.

'रोबोट' ऐकलं आणि तुम्ही उठलात, एवढं मला कळलं. पण पुढचं तुम्ही ऐकलंच नाही, ते आता लिहून काढते. तुमच्या कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरला आहे. त्यामुळे पायात जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. शेताच्या धुऱ्यापर्यंत गेलं की तुम्हाला खाली बसावं लागतं ते त्यामुळे. ऑपरेशनमध्ये नसांवरचा दाब काढायचा, आणि त्या दोन मणक्यांत चार स्क्रू बसवून ते सळ्यांनी एकमेकांना जोडायचे. स्क्रू जातो ती हाडातली वाट करंगळीएवढी असते आणि तिच्या लगेच आतल्या बाजूला नसा. म्हणून नेम महत्त्वाचा.

रोबोट ऑपरेशन करत नाही. तो नुसता एक यांत्रिक हात आहे. स्कॅन पाहून डॉक्टर आधी ठरवतात की स्क्रू कुठून, किती तिरका, किती खोल जाईल. तो हात त्या तिरकेपणात एक नळी धरून ठेवतो. नळीतून ड्रिल चालवतात त्या डॉक्टरच.

तानबाकाकांचा पाय मी विसरलेले नाही. पण त्यांचं झालं म्हणून तुमचंही होईल, असं धरून बसू नका. मॅडम म्हणाल्या की उशीर करण्यात धोका आहे. तारीख घ्यायची का, ते एका वाक्यात कळवा.

नमस्कार.
वर्षाली

•

आष्टी
११ जानेवारी

पोरी वर्षाली,

आशीर्वाद हायेच, तो भांडनानं कमी होत नाई. वांग्याच्या क्रेटमंधी चिठ्ठी ठेवली, खाली सांभार हाये, तुह्या पुस्तकातली कोथिंबीर. सांभार आधी काढजो, नाई त कोमेजून जाईन.

मी पळून नाई आलो. कानातली मशीन शिट्ट्या मारून राह्यली होती, त्यात 'रोबोट' एवढंच साफ ऐकू आलं. मले वाटलं का डॉक्टरीनबाई बाजूच्या खोलीत चहा पिईन आन मशीन माह्या पाठीत भोकं पाडीन. तू लिहिलं तवा समजलं. पन समजलं म्हनजे मी तयार हाये, असं नाई.

तानबाचं डोक्यातून काढा म्हनायले तुले सोपं जाते. तू नालवाडीत राह्यतं. माह्या न् त्याच्या घरात एक भिंत हाये. सकाळी तो उठला का मले आवाज येते. एक पाय टेकते, दुसरा घासत येते. अकरा वर्सं झाले ऐकून राह्यलो. अमरावतीच्या डॉक्टरनं स्क्रू नसेत घातला, तवापासून त्याचा पंजा उचलला नाई. तो डॉक्टर काई साधासुधा नोयता, दुरून दुरून लोक जात होते त्याच्याकडे.

त तू त्या मॅडमले एकच विचार. शंभर स्क्रू बसवले त किती चुकते? गोल गोल उत्तर नको. आन चुकला त कोनाचा म्हनाचा, मशीनचा का मानसाचा?

तुही आई म्हनते का जवाईबापूले वांगे आवडत नाईत. मंग सांगतलं काऊन नाई इतके दिवस?

बाबा

•

नालवाडी
१९ जानेवारी

बाबा,

तुमच्या एका प्रश्नासाठी रजा टाकून पुन्हा नागपूरला जाऊन आले. तुम्ही त्या दिवशी आणखी थोडं बसला असता, तर स्वतःच विचारता आलं असतं.

मला वाटलं होतं मॅडमना राग येईल. त्यांना बरंच वाटलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. अनुभवी हातांनी शंभर स्क्रू बसवले, तर नव्वदच्या वर नीट हाडात बसतात. यंत्राची मदत घेतली तर त्यात आणखी काहींची भर पडते. प्रत्येक संशोधनात आकडा थोडा वेगळा येतो, म्हणून त्या एकच आकडा सांगत नाहीत. जे 'चुकले' म्हणतात, त्यांतले बरेचसे हाडाच्या कडेबाहेर एखाददोन मिलिमीटर गेलेले असतात आणि पेशंटला ते कधी जाणवतही नाही. नसेला लागला आणि परत उघडून काढावा लागला, असा एखादाच. पण असा होतो.

यंत्रही चुकतं. हाडाचा उतार असेल तर ड्रिलचं टोक घसरतं. पेशंट टेबलावर हलला, तर यंत्राच्या नकाशातला पेशंट एकीकडे आणि खरा दुसरीकडे राहतो. म्हणून त्या मध्ये मध्ये तपासतात. "शंभरपैकी शंभर असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका," असं म्हणाल्या.

तुमचा दुसरा प्रश्न विचारताना मला संकोच वाटला, पण विचारला. त्या म्हणाल्या, "चुकला तर माझा. त्यांना सांगा, मी मशीनवर ढकलणार नाही."

आणखी काय पाहिजे, बाबा?

वर्षाली

ता. क. वांगी मुकेशला आवडत नाहीत, पण तुम्ही पाठवलेली तो खातो. आता पाठवणं बंद करू नका, त्यावरून घरात नवीन भांडण होईल.

•

आष्टी
२ फेब्रुवारी

पोरी,

उत्तर वाचलं. तुही मॅडम खरं बोलनारी बाई दिसते. पन तिचं वाचून मी उलटाच विचार केला. मानसाचा हात चुकते, मशीनचा कमी चुकते, हे तिनंच कबूल केलं. आपले प्रभाकरराव, तलाठी होते ते, त्याईनं मले मोबाईलवर सारं दाखवलं. मशीनचा हात थरथरत नाई, थकत नाई, तिले घरची काळजी नसते.

त माही अट अशी हाये. करन त मशीननंच करन. चारही स्क्रू मशीननं बसले पाह्यजे, डॉक्टरीनबाईनं मधात हात घालू नोये. असं तिच्याकडून कबूल करून घे.

आन आत्ताच नाई. भेदरं लागले हायेत, चांगले लागले हायेत. ते निघू दे. होळी झाली का पाहू. पाय तसा बरा हाये माहा. तू लय घाबरतं.

बाबा

•

नालवाडी
५ फेब्रुवारी

बाबा,

गेल्या महिन्यात यंत्र नको म्हणून तुम्ही दवाखान्यातून निघून आलात. या महिन्यात डॉक्टर नको. पुढच्या महिन्यात कोण नको?

रोबोटला एकटं सोडता येत नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. प्रभाकररावांचा मोबाईल खरा आणि तुमची लेक खोटी, असं असेल तर प्रभाकररावांनाच दवाखान्यात सोबत घेऊन जा.

टोमॅटो तोडायला मजूर लावता येतो. नसांना मजूर लावता येत नाही.

वर्षाली

•

आष्टी
९ फेब्रुवारी

वर्षालीबाई,

मी तुहा तानबाकाका. मी पत्र लिहिलं हे दादाले सांगजो नोको. तुह्या कौशल्याकाकूनं म्हटलं म्हनून लिहून राह्यलो. माहं अक्षर समजून घेजो.

दादा तुले पाय बरा हाये म्हनून लिहिते. बरा नाई. परवा वावरातून आला त डाव्या पायात चप्पल नोयती. मी म्हटलं, दादा, चप्पल कुठं हाये? त्यानं खाली पाह्यलं. त्याले मालूमच नोयतं. वाटेतल्या चिखलात सुटून राह्यली होती, बरंच मागं. दोनदा धुऱ्यावरून पडला बी. वहिनीले सांगतलं का ढेकळात पाय अडकला.

मी ऑपरेशनच्या इरोधातला मानूस हाये, हे तुले मालूम हाये. माह्या पायाचं त्या अमरावतीच्या डॉक्टरनं वाटोळं केलं, हे मी मरेपर्यंत सांगन. पन चप्पल सुटली न् समजलं नाई, हे पाहून मले राह्यवलं नाई.

तू म्हनशीन त मी त्याले घेऊन येतो नागपूरले. माह्यासंग येईन तो. मी नेतो म्हटल्यावर त्याले वाटन का मी त्याच्या बाजूनं भांडाले येऊन राह्यलो.

तानबा

•

आष्टी
२४ फेब्रुवारी

पोरी वर्षाली,

तुही दहावीच्या परीक्षेची ड्यूटी होती ते बरंच झालं. तू असती त आनखी एक आवाज वाढला असता.

तानबा, कौशल्याबाई, तुही आई, असे सारे मले घेऊन गेलते. मॅडमनं माहा डावा पंजा वर उचलाले लावला. मी उचलला. ती म्हने, "उचला." मी म्हटलं, उचलला ना. खाली पाह्यलं त पंजा तसाच पडला होता. आता मी तुह्यापासून लपवत नाई, मी भेलो.

पन पत्र त्याच्यासाठी लिहून नाई राह्यलो. तानबानं मॅडमसमोर आपल्या पायाची कहानी काढली, अमरावतीच्या डॉक्टरले शिव्या घातल्या. मॅडमनं ऐकून घेतलं. मंग म्हने, आले हा त तुमचाही स्कॅन काढू. काढला. तिनं पडद्यावर तानबाचे मनके दाखवले. चार पांढरे स्क्रू दिसत होते, कास्तकारानं दोरी धरून रोपं लावावे तसे. ती म्हने, हे चारही हाडाच्या आत हायेत, एकही नसेत नाई. तानबा म्हने, मंग पाय काऊन गेला?

मॅडमनं विचारलं का पाय ऑपरेशनच्या नंतर गेला का आधीपासून ढिला पडत होता. तानबा म्हने, नंतर. तवा कौशल्याबाई बोलली. ती कधी मधात बोलत नाई, तुले मालूम हाये. ती म्हने, "आधीपासून याईची चप्पल सुटत होती. मी म्हनत होती डॉक्टरकडे चला. हे म्हने, सोयाबीन निघू दे."

मॅडमनं दोष नाई देल्ला कोनाले. एवढंच म्हने का अकरा वर्सांआधीचं मी पक्कं नाई सांगू शकत, पन नस लय दिवस दाबून राह्यली त मंग स्क्रू कितीही नेमानं बसवा, पंजा वापस येतेच असं नाई.

तानबा गाडीतून उतरला न् सरळ आपल्या घरात गेला. तवापासून माह्या घरी आला नाई. भिंतीपलीकडून पायाचा आवाज येते, पन मानूस येत नाई.

मी तिथंच मॅडमले म्हटलं का पह्यली तारीख असन ते द्या. मशीननंच करा, हे मात्र सांगतलं. ती म्हने, मशीन लावीन, पन मधात काई बिनसलं त मी माह्या डोक्यानं चालन. मी मान हलवली. मान हलवली म्हनजे कबूल केलं असं नाई, हे तुले सांगून ठेवतो.

भेदरं तुही आई पाह्यते.

बाबा

•

नागपूर
११ मार्च

तानबाकाका,

बाबा ठीक आहेत, हे आधी. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले, जेवले, आणि आता सगळ्यांवर रागावून भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. फोन केला तर काकू म्हणाल्या तुम्ही वावरात आहात. दोनदा केला, दोन्ही वेळा वावरातच होतात. म्हणून लिहिते.

पहिले दोन स्क्रू यंत्राच्या हाताने बसले. तिसऱ्याच्या आधी मॅडमनी तपासण्यासाठी हत्याराचं टोक हाडाच्या एका ओळखीच्या उंचवट्यावर टेकवलं. हाताला हाड लागत होतं, पण पडद्यावर ते टोक हाडापासून दूर, हवेत दिसत होतं. पेशंट नेमका कुठे आहे हे यंत्राला कळावं म्हणून कमरेच्या हाडात एक पिन रोवतात. ती जराशी सैल झाली होती. मॅडमनी यंत्राचा हात बाजूला केला, एक्स-रे काढून पहिले दोन स्क्रू पाहिले आणि उरलेले दोन एक्स-रे बघत आपल्या हातांनी बसवले.

मी त्यांना हात जोडले, की बाबांना इतक्यात सांगू नका. त्यांनी ऐकलं नाही. "त्यांनी मला सरळ विचारलं होतं, मी सरळ सांगणार," म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी खुर्ची ओढून, बाबांच्या कानाजवळ तोंड नेऊन सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग मशीन आनली कशाले होती?" आणि भिंतीकडे वळले.

नंतर स्कॅन झाला. काका, आता तुम्हीच सांगा मी काय करू. हाताने बसवलेले दोन्ही स्क्रू पूर्ण हाडात आहेत. यंत्राने धरलेल्या दोहोंपैकी एक कडेबाहेर जेमतेम मिलिमीटरभर गेला आहे. ड्रिल उतारावर किंचित घसरलं असावं, असं मॅडम म्हणतात. तो बाहेरच्या बाजूला आहे, नसांपासून लांब, आणि त्याला हात लावायची गरज नाही. हे ऐकल्यापासून बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की चारही हातानेच करायला पाहिजे होते, मी पहिल्यापासून म्हणत होतो, पण पोरीनं मशीनचा हट्ट धरला. मी तिथेच उभी असते. मुकेश मला बाहेर घेऊन जातो.

काल व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांना डावा पंजा उचलायला सांगितलं. अंगठा हलला. पंजा पूर्ण नाही, पण अंगठा हलला आणि पाऊल अर्धं वर आलं. बाबांनी मला बोलावलं, "पाह्य." मी पाहिलं. मग मुकेशला बोलावलं, आईला झोपेतून उठवलं, मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोला. सगळ्यांचं पाहून झाल्यावर ते दाराकडे पाहत राहिले.

ते तुमची वाट पाहतात. तोंडाने म्हणत नाहीत. तुम्ही त्यांना दवाखान्यात आणलं नसतं, तर ते होळीपर्यंत भेदरं तोडत बसले असते आणि मग तोडायलाही उभं राहता आलं नसतं. तुमच्या पायाचं तुम्हाला जे कळलं ते किती जड आहे, मला सांगता येणार नाही. पण एकदा या.

वर्षाली

•

आष्टी
२५ मे

पोरी वर्षाली,

कमरेचा पट्टा बांधूनच बसलो हाये, आधीच सांगतो, नाई त तू तेच विचारशीन. विहिरीपर्यंत जातो न् येतो, मधात बसा लागत नाई. डावा पंजा उचलते. करंगळीच्या बाजूनं अजून बधिर हाये, मॅडम म्हने वेळ लागन. तो कडेचा स्क्रू तिथंच हाये, मले काई समजत नाई त्याचं. प्रभाकरराव विचारतात का मशीन बरी का मानूस. मी म्हनतो, ज्याचं लक्ष हाये ते बरं. हे तुले पटन, म्हनून लिहिलं. पन हट्ट तुहाच होता.

आता जे लिहितो ते वाचून तू ओरडशीन. मी अमरावतीले जाऊन आलो, एसटीनं.

तानबा दवाखान्यात आला नाई, इकडं आल्यावर भेटाले आला त उभ्याउभ्या गेला. परवा सकाळी मातर धुतलेला सदरा घालून दारात उभा. म्हने, दादा, अमरावतीले जाऊन येतो. हातात तो नागपूरचा स्कॅन होता. मले वाटलं भांडाले चालला. मी म्हटलं, मी बी येतो. तुही आई नाई म्हनत राह्यली, मी पट्टा बांधला न् निघालो.

त्या डॉक्टरकडे अजून बी गर्दी राह्यते. मानूस म्हातारा झाला, केस गेले. आम्ही लायनीत बसलो. तानबाचा नंबर आला, मी बी आत गेलो. डॉक्टरनं ओळखलं नाई त्याले. कसा ओळखन? कितीक पाठी पाह्यल्या असन त्यानं. त्यानं वर न पाह्यताच विचारलं, "काय तक्रार आहे?"

पोरी, अकरा वर्सं ह्या मानसानं त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडले. लग्नात मोडले, मयतीत मोडले, बाजारात अनोळखी मानसापाशी मोडले. मी खुर्चीत आवरून बसलो.

तानबा म्हने, "तक्रार काई नाई, साहेब."

डॉक्टरनं वर पाह्यलं. तानबानं स्कॅन टेबलावर ठेवला. म्हने, "तुमी बसवलेले स्क्रू बरोबर हायेत. मी लोकाईले उलटं सांगत होतो. एवढंच सांगाले आलो."

डॉक्टरनं स्कॅन उजेडाकडं धरून पाह्यला, मंग उठून आला, तानबाले खाटेवर बसवलं, खाली वाकून त्याचा पाय हातात घेतला न् पंजा वरखाली करून पाह्यला. बाहेर लोक खोळंबले होते. मंग त्यानं विचारलं, "थोडं आधी नाही का येता आलं?"

"येता आलं असतं," तानबा म्हने.

पंजा वर धरून ठेवते अशी एक पट्टी लिहून देल्ली त्यानं. तानबानं ती तिथंच घेतली, तिथंच बांधली. फीचं विचारलं त डॉक्टरनं नुसती मान हलवली न् पुढच्या पेशंटले आवाज देल्ला.

येताना एसटीत तो खिडकीबाहेर पाह्यत बसला. तळेगाव आलं. गाडी थांबली तवा तो माह्याआधी उठला, खाली उतरला, न् वळून मले धराले हात वर केला.

"दादा, हळू," म्हने. "पायरी उंच हाये."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरलो.

बाबा